तो गुलाब तुझ्या नावाचा नाही

४ जानेवारी

ताई,

सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील. तो गुलाब तुझ्या नावाचा नाही.

कालच्या पेपरात बातमी आली आहे. तुझ्याकडेही तोच पेपर येतो आणि तू तो पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतेस, हे मला ठाऊक आहे. चाचणी बागेत दोन वर्षं लावलेल्या नव्या गुलाबांमध्ये पहिला आलेला गुलाब माझा, इथपर्यंत बातमी बरोबर आहे. खाली त्याचं नाव छापलंय, ते तुझंच नाव आहे, आडनावासकट, हेही खरं. पण म्हणून लगेच खुर्चीत ताठ बसू नकोस. या नावाची तू काय एकटीच आहेस? रेडिओवर गाणारी एक आहे. हाडांची मोठी डॉक्टर एक आहे, जिच्या दवाखान्यात महिना महिना नंबर लागत नाही. देशाच्या संघाची गोलकीपर होती, ती एक. आणि चौथी तू, जिच्या अंकगणिताच्या पुस्तकाने तीन पिढ्यांना रडवलं. चौघींमध्ये गुलाबाशी सगळ्यांत कमी शोभणारी कोण, ते मी सांगायला नको.

मग हे नाव आलं कुठून, असं तू विचारशीलच. बाबांची पद्धत तू विसरली नसशील. बी पेरून उगवलेल्या प्रत्येक नव्या रोपाला ते कामापुरतं घरातल्या कुणाचं तरी नाव द्यायचे, स्वभाव बघून. अंगणभर हातपाय पसरणारं रोप म्हणजे मामा. जरा ऊन लागलं की मान टाकणारी काकू. कळीत देखणे आणि उमलल्यावर काहीच नाही, ते जावईबापू. मी तीच पद्धत पुढे चालवली. एका रोपाला तुझं नाव पडलं, कारण ते जवळ येईल त्याला ओरबाडायचं. चाचणीला कलमं पाठवताना तुझ्या भावजयीने चुकून तीच पाटी लावून दिली. बागेच्या लोकांनी तेच नाव धरलं, दोन वर्षं त्यांच्या दप्तरात तेच चाललं, आणि आता बक्षीसही त्याच नावाने आलं.

आता अडचण अशी. नव्या वाणांची नोंदणी करणाऱ्या कचेरीचा नियम आहे की जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्या माणसाची लेखी संमती हवी. ती ३१ मार्चपर्यंत दिली नाही तर गुलाब बाद. नाव बदलायचं तर चाचणी पहिल्यापासून. आणखी दोन वर्षं वाट बघायला माझे गुडघे तयार नाहीत. जन्मभर ब्रशने पराग लावत बसलो, त्यातून नाव घेण्यासारखा एवढा एकच गुलाब हाताला लागला आहे.

पण नियमात 'त्या नावाची व्यक्ती' एवढंच लिहिलंय. कोणती, ते लिहिलेलं नाही. तेव्हा तुला त्रास देण्याची गरज नाही. गाणाऱ्या बाईंकडे जातो. गुलाब आणि गाणं, कसं जुळून येतं बघ.

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून प्रदर्शनाचा विषय काढत नाही. त्या दिवशी तू परीक्षक होतीस आणि माझ्या फुलाच्या पाकळ्या सगळ्यांसमोर मोजल्यास, एक कमी भरली म्हणून फूल बाजूला ठेवलंस, यावर मला काही बोलायचं नाही. ती पाकळी मोजताना तुझ्याच बोटाने पडली होती, एवढंच फक्त नोंदवून ठेवतो.

तुझा भाऊ

•

२२ जानेवारी

ताई,

माझं पत्र परत मिळालं. नऊ वर्षांत मला आलेलं तुझं हे पहिलं टपाल, आणि त्यात तुझं स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य नाही. माझंच पत्र, लाल शाईने तपासलेलं. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, 'चुकून' या शब्दाखाली दोन रेघा, आणि शेवटी 'दहापैकी चार. पुन्हा करून आण.' अगं, मी साठीला आलो. पण खरं सांगू? पाकीट उघडलं तेव्हा तुझं अक्षर बघून मी तसाच वाफ्याच्या कडेला बसलो. तुझी भावजय म्हणाली, काय झालं, कुणी गेलं का? म्हटलं नाही, नापास झालो.

आता गाणाऱ्या बाईंची हकीकत ऐक. कुंडी मांडीवर घेऊन बसने गेलो. शेजारच्या माणसाचा सदरा फाटला, समोरच्या बाईंच्या पिशवीला भोक पडलं, आणि कंडक्टरने मला उतरेपर्यंत उभं ठेवलं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, पांढरंशुभ्र. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, बाईही पांढऱ्या कपड्यांत. मी आणि माझी कुंडी दारातच घुटमळलो. त्यांनी आग्रहाने आत घेतलं, पाय पुसायला लावले आणि चहा दिला. बोलायला फार गोड बाई आहेत. मी नावाचं सांगितलं तेव्हा त्या हसून हसून वाकल्या. म्हणाल्या, त्यांना गेली कित्येक वर्षं तुटक्या हाडांचे एक्सरे टपालाने येतात आणि गणित न जमलेल्या मुलांच्या आयांची पत्रं येतात. एकीने तर लिहिलं होतं की तुमच्या हौदाच्या गणितापायी माझ्या मुलाने आंघोळ सोडली. तेव्हा तुझी कीर्ती गाण्याच्या खोलीपर्यंत पोचलेली आहे.

संमती द्यायला त्या तयार होत्या. फक्त फूल बघितलं आणि विचारात पडल्या. तू बघितलेलं नाहीस म्हणून सांगतो, रंग जुन्या विटेसारखा आहे. सकाळी गेलं तर कळी मूठ आवळून बसलेली असते, दुपार उलटल्याशिवाय उमलत नाही. वास आहे, पण नाक अगदी आत घातलं तर, आणि नाक आत घालायचं धाडस काटे होऊ देत नाहीत. बाईंनी विचारलं की हाच गुलाब पांढरा करून मिळेल का, पुढच्या महिन्यापर्यंत चालेल. जणू मी रंगारीच. मी म्हटलं, बाई, पांढरा गुलाब म्हणजे दुसरा गुलाब. त्या म्हणाल्या, मग त्या दुसऱ्यालाच माझं नाव द्या.

काही हरकत नाही. अजून दोघी आहेत. या वेळी ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या भावजयीकडून तपासून घेतले आहेत.

तुझा भाऊ

ता.क. वन्सं, पत्र तपासायला मिळालं म्हणून लिहिते. ती पाटी मी लावलेली नाही. ह्यांनी स्वतःच्या हाताने लावली, तारेचा पीळ दोनदा घट्ट करून. मी समोर उभी होते.

•

९ फेब्रुवारी

ताई,

'पायऱ्या गाळल्या आहेत. पाटीचं काय?' असा शेरा मारून पत्र परत केलंस. पाटीचं काही नाही. तुझी भावजय आणि तू पहिल्यापासून एका बाजूला, मी एका बाजूला. घरातला कोणताही निकाल दोन विरुद्ध एक असाच लागायचा, त्यात नवीन काय?

हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. नंबर लागत नाही हे ऐकून होतो, म्हणून खिडकीवर सांगितलं की माझं काम नावाचं आहे, दुखण्याचं नाही. खिडकीवरच्या मुलीने माझं चालणं बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला आत ढकललं. तिथून पुढे माझं कुणी ऐकेना. एका खोलीत विजार वर करायला लावली, दुसरीत थंड फळीवर झोपवलं, तिसरीत बाई स्वतः आल्या. चणीने लहान, बोलायला तडकफडक, आणि हात असे की दार उखडतील. मी गुलाबाचं बोलायला तोंड उघडलं की त्या गुडघा दाबायच्या आणि तोंडातून दुसराच आवाज निघायचा.

शेवटी गुडघ्याची तपासणी संपल्यावर मी कुंडी पुढे केली. त्यांनी पहिल्यांदा काटे बघितले. वरचे, बुंध्यावरचे, आणि पानाच्या पाठीवरचे बारीक, जे कुणालाच दिसत नाहीत. मग म्हणाल्या, "माझं नाव घेऊन ही वस्तू घरोघरी जाणार आणि लोकांच्या बोटांत घुसणार? मी जन्मभर लोकांना सांधतेय हो." काटे काढून दिले तर सही करते म्हणाल्या. मी म्हटलं, काटे काढता येत नाहीत, ते स्वभावातच आहेत. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, हे रोप कुणावर गेलंय? मी विषय बदलला.

निरोप देताना त्यांनी तुझी चौकशी केली. त्यांच्या मुलाला शाळेत बाईंनी उभं करून विचारलं होतं, पुस्तक लिहिणारी तुझी आई का रे? पोरगं घाबरून हो म्हणालं आणि वर्षभर वर्गातल्या सगळ्यांच्या शिव्या खात बसलं. त्या सांगताना हसत होत्या, पण मी तुझ्या वतीने माफी मागितली. तुझ्या वतीने माफी मागण्याची संधी पुन्हा कधी येईल असं वाटलं नाही.

गुडघ्याला मात्र खरोखर काहीतरी झालंय. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम सांगितलाय आणि उकिडवं बसायला बंदी केली आहे. कलम करताना गुलाबाचा डोळा भरायचा तर उकिडवं बसल्याशिवाय होत नाही, हे त्यांना कोण सांगणार? सध्या पोटावर आडवा पडून करतो. तू बघितलंस तर हसशील.

तुझा भाऊ

•

२७ फेब्रुवारी

ताई,

झालं. सही मिळाली.

गोलकीपरबाई मैदानावर भेटल्या. आता मुलींना शिकवतात. उंच, खांदे रुंद, तळहात माझ्या दुप्पट. मी कुंडी खाली ठेवतोय तोवर लांबून एक चेंडू आला, त्यांनी न बघता एका हाताने अडवला आणि माझ्याशी बोलत राहिल्या. कुंडी वाचली. मला तर तिथेच वाटलं की सही द्यावी तर हिनेच.

त्यांना गुलाब फार आवडला. वाकून, उभं राहून, मागून असा सगळीकडून बघितला. काटा बोटात गेला तर बोट तोंडात घालून म्हणाल्या, छान, कुणाला जवळ येऊ देत नाही, गोलकीपरच आहे. रंगाबद्दल विचारलं नाही, वासाबद्दल तर नाहीच. मुलींनी झाडाभोवती कोंडाळं करून टाळ्या वाजवल्या. मग एका चेंडूवर कागद ठेवून त्यांनी झोकात सही केली. तुझंच नाव, पण अक्षर मोठं, उघडंवाघडं, तुझ्यासारखं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं नाही.

त्यांनाही तुझ्यामुळे त्रास झालाय, हे वेगळं सांगायला नको. शाळेत पुस्तकावर नाव यांचं आणि गणितात शून्य, त्यामुळे बाईंनी वर्गाबाहेर काढलं की या मैदानात येऊन बसायच्या. तिथे कुणीतरी गोलसमोर उभं केलं. म्हणाल्या, तुमच्या बहिणीला सांगा, त्यांचं गणित मला जमलं असतं तर देश हरला असता.

तेव्हा आता सगळं जमलं. माझा अर्ज आणि ही संमती घेऊन बारा तारखेच्या आत कचेरीत जातो. चाचणी बागेच्या समारंभाला तुला बोलावणं येईल कदाचित, नावामुळे गोंधळ होऊन. आलं तर येऊ नकोस असं काही मी म्हणत नाही.

तुझा भाऊ

ता.क. वन्सं, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार मी घरात बसून बघतेय. तुम्ही तरी काहीतरी बोला.

•

१२ मार्च

ताई,

मागचं पत्र परत आलं. 'उत्तर शेजारच्याचं पाहून लिहिलं आहे' असा शेरा. शाळेत तू मला हा शेरा द्यायचीस तेव्हा मी भांडायचो. या वेळी भांडत नाही.

परवा कचेरीत गेलो होतो. जुनी दगडी इमारत आहे, आत लांब बोळ, भिंतीला लागून बाकं, टोकाला खिडकी. खिडकीपाशी जायच्या आधी अर्ज पुरा करायला बाकावर बसलो. सगळं भरलं. आई कोणतं झाड, बाप कोणतं झाड, रंग, पाकळ्या (मोजल्या, दोनदा). गोलकीपरबाईंची सही टाचणीने जोडली. शेवटी एक ओळ होती, 'हे नाव देण्याचं कारण.' मी लिहायला घेतलं, 'थोर खेळाडूच्या सन्मानार्थ.' थोर एवढंच लिहून झालं आणि पेन थांबलं. त्या बाई थोर आहेत, यात वाद नाही. मी काहीही लिहिलं असतं तरी त्या हसल्याच असत्या. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता शिक्का मारला असता. कुणाचं काही बिघडलं नसतं आणि गुलाब माझा झाला असता. तरी पेन पुढे जाईना. शेवटी कागद घडी घालून खिशात टाकले आणि खिडकीपर्यंत न जाताच पुढच्या बसने घरी आलो.

तुझ्या भावजयीने मला बघताच खुर्ची पुढे केली. चहा ठेवला. तिला बहुधा सगळं आधीच माहीत होतं, घरात मलाच शेवटी कळतं.

आता कारण सांगतो. नियम असा आहे की नव्या रोपाने दोन हंगामांत फूल दिलं नाही तर उपटायचं. बाबांचाही तोच नियम होता आणि माझाही आहे, नाहीतर जागा पुरणार नाही. त्या वर्षी त्या रांगेत शंभरावर रोपं होती. मामा उपटले, काकू उपटली, जावईबापूंना तर मी आनंदाने उपटलं. या रोपाने पहिल्या वर्षी फूल दिलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी तुझी भावजय म्हणाली, रांग रिकामी करा, पुढचं पेरायचंय. मी हातात खुरपं घेऊन गेलो. पाटीवर तुझं नाव. त्या वेळी आपलं बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं आणि मी तुझ्यावर इतका चिडलेला होतो की सकाळी उठल्यावर पहिला राग तुझाच यायचा. तरी खुरपं खाली गेलं नाही. बाकी रांग उपटली आणि ते एक झाड मधोमध तसंच ठेवलं, ओरबाडे काढत उभं. चौथ्या वर्षी, एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना त्याने पहिलं फूल दिलं.

दुसरं कुठलंही नाव असतं तर ते झाड तेव्हाच गेलं असतं. नाव होतं म्हणून राहिलं. एवढंच कारण आहे, आणि हे कारण गाणाऱ्या बाईंच्या, डॉक्टरीणबाईंच्या किंवा गोलकीपरबाईंच्या सहीखाली लिहिता येत नाही.

पाटी मीच लावली. चुकून नाही.

ताई, मला तुझी सही हवी आहे. तुझीच. शिवाय मला तुझी आठवण येते. वाफ्यात काही नवीन उगवलं की पहिल्यांदा कुणाला दाखवावं असं वाटतं, ते माणूस नऊ वर्षं घरात आलेलं नाही. हे वाक्य लाल शाईने दुरुस्त करू नकोस.

तुझा
ठोंब्या
(असा मला तूच हाक मारायचीस. दुसऱ्या कुणी मारली तर अजून राग येतो.)

•

२४ मार्च

ताई,

या वेळी पत्र परत आलं नाही. सहीही आली नाही. रोज पोस्टमनची वाट बघतो, त्याला आता माझी भीती वाटायला लागली आहे. काल तो सायकल लांब उभी करून पत्रं तुझ्या भावजयीच्या हातात देऊन पळाला.

तू रागावली असशील तर तसं लिही. 'दहापैकी शून्य' लिही, चालेल. नुसतं गप्प राहणं हे काही उत्तर झालं नाही, हे तूच मला शिकवलंस. उत्तर येत नसेल तरी पायऱ्या लिहाव्यात, त्याचे गुण मिळतात.

गोलकीपरबाईंचा कागद अजून माझ्याकडे आहे. तुझी भावजय म्हणते, शेवटच्या दिवशी तोच नेऊन द्या, झाड तर वाचेल. मी काल रात्रभर तिचं बरोबर आहे असं म्हणत होतो आणि सकाळी उठून नाही म्हणालो. सोमवारी कचेरीत जाऊन मुदत वाढवून मागणार आहे. ते देणार नाहीत. पण हात जोडायला तर जाता येईल.

झाड सध्या फुलांनी भरलंय. दुपारी येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ते दाखवतो आणि विकत मात्र नाही.

ठोंब्या

•

२९ मार्च, सोमवार

ताई,

हे पत्र मी कचेरीतल्या बाकावर बसून लिहितोय. पोस्टात टाकेन की नाही ते माहीत नाही, पण हात मोकळे ठेवले तर बोटं चावत बसेन.

सकाळी खिडकी उघडायच्या आधीच आलो. खिडकीवरच्या बाई जाड चष्म्याच्या, चेहऱ्यावरून कडक वाटल्या. मी घरून पाठ करून आणलेलं सगळं म्हणून दाखवलं, की माझी मोठी बहीण आहे, गुलाब तिच्याच नावाचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही, तिची संमती यायची राहिली आहे, थोडी मुदत द्या. त्यांनी गुलाबाचं नाव विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. नऊ वर्षांत तुझं पूर्ण नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं, तोंडात जरा अडखळलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "त्यांची संमती पाच जानेवारीलाच आली आहे. स्वतः येऊन देऊन गेल्या. आम्ही तुमच्या अर्जाची वाट बघतोय."

मी मनात हिशेब केला, आणि या वेळी तो बरोबर आला. बातमी तीनची. माझं पत्र चारचं. पाच तारखेला 'तो गुलाब तुझ्या नावाचा नाही' हे पत्र अजून टपालाच्या थैलीत होतं आणि तू इथे, या खिडकीपाशी, सही करत उभी होतीस.

मी विचारलं, मग मला कळवलं का नाही? बाई म्हणाल्या, त्यांनीच बजावलं होतं. तो स्वतःहून माझं नाव घेऊन आला तरच सांगा. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणाच्या सहीचा कागद घेऊन आला, तर तो घ्या म्हणाल्या. माझा फाडून टाका. त्याला काही सांगू नका, त्याचा गुलाब झाला पाहिजे."

ताई, मी सगळ्या लोकांदेखत रडलो. बाकावरच्या एका अनोळखी शेतकीवाल्याने मला पाणी दिलं. त्याला वाटलं माझा अर्ज नामंजूर झाला, तो बिचारा माझी समजूत घालत होता, पुढच्या वर्षी होईल म्हणून.

मग अर्ज पुरा केला. कारणाच्या ओळीत लिहिलं, 'हे नाव नसतं तर हे झाड नसतं.' बाईंनी वाचलं, शिक्का मारला. गुलाबाची नोंद झाली. आता तो जगाच्या अंतापर्यंत तुझ्या नावाने ओरबाडत राहील, कुणाची परवानगी लागणार नाही.

मी निघालो होतो. जिन्यापर्यंत गेलोही होतो. तेवढ्यात बाईंनी हाक मारली आणि म्हणाल्या, थांबणार असाल तर थांबा. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी त्यांचा फोन येतो. जानेवारीपासून एकही सोमवार चुकलेला नाही. "आला का तो?" एवढंच विचारतात, मी नाही म्हणते, त्या बरं म्हणतात आणि ठेवतात.

म्हणून बसलोय. सुट्टी व्हायला थोडा वेळ आहे. काय बोलायचं ते काही ठरवलेलं नाही. तू नेहमीप्रमाणे विचारशील, आणि उत्तर माझ्या आवाजात येईल, तेव्हा तू काय करशील ते मला माहीत नाही. कदाचित ठेवून देशील. कदाचित ऱ्हस्व-दीर्घ काढशील. काहीही कर, मी बाकावरून हलत नाही.

फोन वाजतोय. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून तो खिडकीतून माझ्या बाजूला सरकवला आहे.

उचलतो, ताई.